नावावाचून

लॅम्डासरांना गल्लीत त्यांच्या खऱ्या नावाने कुणीच ओळखत नव्हतं. ते विद्यापीठात गणित शिकवायचे, आणि गणितातलंही असं काहीतरी, की त्याचं नाव काढलं की समोरचा माणूस हवापाण्यावर यायचा. लॅम्डा कॅल्क्युलस. त्यातलं कॅल्क्युलस लोकांनी ऐकून सोडून दिलं आणि लॅम्डा तेवढं सरांना चिकटलं.

त्यांच्या पत्नीलाही असंच एक नाव पडलं होतं. त्या छापखान्यात मुद्रितं तपासायच्या, म्हणून प्रूफताई. "आमच्या घरात दोघांचंही पोट प्रूफवरच चालतं," असं त्या पाहुण्यांना सांगायच्या. "फरक एवढाच, की यांच्या प्रूफात, म्हणजे गणिताच्या सिद्धतेत, चूक निघाली तर यांची नाचक्की, आणि माझ्या प्रूफात निघाली नाही तर माझी."

सरांचा प्रत्येक लेख छापायला जाण्याआधी ताईंच्या हाताखालून जायचा. अर्थ साफ डोक्यावरून जायचा, पण उघडलेला कंस मिटलाय की नाही हे बघायला अर्थ कशाला लागतो? उलट अर्थ कळला की नजर पुढे धावते आणि चूक सुटते, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यामुळे नवऱ्याने आयुष्यभर नेमकं काय केलं हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि त्यानेही कधी सांगितलं नाही. संसार मजेत चालला होता.

सर निवृत्त झाल्यानंतरची एक सकाळ. ते टेबलाशी बसले होते आणि ताई ओट्यापाशी चहा गाळत होत्या.

"जरा ते दे," सर म्हणाले.

"काय?"

"ते गं. ते... ज्यात..."

ताईंनी मनावर घेतलं नाही. विसरभोळेपणा सरांच्या पेशातच होता. चष्मा डोळ्यांवर ठेवून चष्मा शोधणारा माणूस तो. पण कप समोर ठेवला तरी सरांचा हात त्याच्यापर्यंत नीट पोचेना, आणि ताईंनी वर बघितलं तर त्यांचा चेहरा आपल्याच घरात कुणीतरी सामान हलवून ठेवावं तसा गोंधळलेला होता. ताईंनी गॅस बंद केला, शेजाऱ्याला हाक मारली आणि त्याच्या गाडीतून सरांना थेट दवाखान्यात नेलं.

मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी झाली होती. लवकर आणलंत ते बरं केलंत, असं डॉक्टर म्हणाले. हात सुधारेल. चालणं तर बिघडलेलंच नव्हतं.

"आणि बोलणं?" ताईंनी विचारलं.

"बोलतील. पण नावं गेलीत. वस्तूंची, माणसांची. ती कधी आणि किती परत येतील, ते मी आज सांगू शकत नाही." डॉक्टरांनी सरांकडे वळून ताईंकडे बोट केलं. "सर, या कोण?"

सरांनी बराच वेळ ताईंकडे बघितलं. ओळख नव्हती असं नाही, डोळ्यांत ती काठोकाठ होती. "ही माझी... ही..." ते अडकले. मग हळूच म्हणाले, "अगं, सांग ना यांना."

ताईंनी सांगितलं. त्यांनी स्वतः उभ्या आयुष्यात सरांचं नाव घेतलं नव्हतं, 'अहो'वर भागवलं होतं, आणि सरही बहुतेक वेळा 'अगं'वरच भागवायचे. तेव्हा तसं बघितलं तर काहीच बदललेलं नव्हतं. असं मनाला समजावत त्या दवाखान्याच्या जिन्याच्या कोपऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या आणि डोळे कोरडे झाल्यावरच खोलीत परतल्या.

घरी आल्यावर बोलण्याचा सराव करून घ्यायला एक थेरपिस्ट मॅडम यायला लागल्या. वयाने लहान, पण सबुरी एखाद्या आजीची. त्या टेबलावर चित्रं मांडायच्या: कात्री, घड्याळ, छत्री, खुर्ची. सर एकेक चित्र उचलायचे, ओठ हलवायचे आणि खाली ठेवायचे. ताई शेजारी बसायच्या आणि त्यांच्या जिभेवर शब्द नुसता नाचत असायचा. चुकलेला किंवा गळलेला शब्द जागच्या जागी भरणं हा त्यांचा पेशा होता, हात आपोआप पुढे व्हायचा. मॅडम मानेनेच नको म्हणायच्या. एका दिवशी सरांनी सगळी चित्रं गोळा केली, नीट चळत केली, पालथी घातली आणि उठून आत निघून गेले.

"रागावलेत," ताई म्हणाल्या.

"लाजलेत," मॅडम म्हणाल्या. "ते जास्त अवघड असतं."

त्याच सुमाराला लेक राहायला आली. ती प्रोग्रामर होती, दवाखान्यांतल्या भेटीच्या वेळा लावून देणारा प्रोग्राम लिहिणाऱ्या कंपनीत. काम घरून करायची परवानगी काढून तिने बाहेरच्या खोलीत लॅपटॉप मांडला. सर दिवसभर खिडकीशी बसायचे. कुणी बोललं तर मान हलवायचे, आपणहून बोलायचं त्यांनी जवळजवळ सोडलं होतं.

एका दुपारी ते उठले आणि लेकीच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले. पडद्यावरच्या एका ओळीवर त्यांनी बोट टेकवलं.

"हे," ते म्हणाले. "हे माझं."

लेकीने बघितलं. ओळीत इंग्रजीत लॅम्डा लिहिलेलं होतं. "हो बाबा, तुमचंच. आम्ही सारखं वापरतो. छोटंसं फलन असतं, काही दिलं की काही परत देणारं, एकाच ठिकाणी लागणारं. तेवढ्यासाठी त्याला नाव कोण देत बसणार? म्हणून लॅम्डा लिहायचं आणि बिननावाचंच ठेवून द्यायचं."

"बिननावाचं," सर म्हणाले, आणि हसले. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदाच. स्वयंपाकघरात ताईंच्या हातातली सुरी थांबली.

सरांनी लेकीच्या टेबलावरची पेन्सिल घेतली. तिला काय म्हणतात ते त्यांना सांगता आलं नसतं. पण पाठकोऱ्या कागदावर त्यांनी ते चिन्ह काढलं, एक लांब तिरका दांडा आणि त्याला टेकू दिल्यासारखी आखूड रेघ. पुढे अक्षरं, कंस, कंसात कंस. मग खाली दुसरी ओळ, पहिलीपेक्षा लहान. मग तिसरी. वेड्यावाकड्या अक्षरात, पण कुठेही न थांबता. शेवटी एकच अक्षर उरलं, त्याच्याभोवती गोल काढून त्यांनी पेन्सिल ठेवली.

ताई हात पुसत आल्या आणि सवयीने कागद उचलला. वरून खाली नजर फिरवली. उघडलेले कंस मोजले, मिटलेले मोजले.

"एकही चूक नाही," त्या म्हणाल्या आणि मटकन खुर्चीत बसल्या. "अगं, पण यांना साधा चमचा म्हणता येत नाही. मग हे कसं येतं?"

लेक काही बोलणार तोच सरांनी कागद पुन्हा पुढे ओढला. पहिल्या ओळीत एक अक्षर जिथे जिथे होतं तिथे तिथे त्यांनी ते खोडून एक मांजर काढलं. अगदी पोरकट, मिश्या असलेलं. मग पायऱ्या परत केल्या. उत्तर तेच आलं.

"काही पण चालतं," सर म्हणाले. "इथे... ते... काही पण."

"नाव काही पण चालतं," लेक हळूच म्हणाली. "आई, बाबांच्या गणितात नावाला किंमतच नाही गं. नाव म्हणजे नुसती जागा धरून ठेवायची. कुणाला काय दिलं की काय होतं, एवढंच खरं."

त्या संध्याकाळी ताईंनी पहिल्यांदा विचारलं की हे सगळं आहे तरी काय. लेकीने सांगितलं ते असं. कम्प्युटर जन्माला यायच्या आधीची गोष्ट. एका तर्कशास्त्रज्ञाला सगळ्या गणिताचा पाया नव्याने घालायचा होता. तो पाया टिकला नाही, त्यात विसंगती निघाली. पण त्यातला एक तुकडा शाबूत राहिला, तो हा. कुठला प्रश्न ठरावीक पायऱ्या करत गेलं की सुटतो आणि कुठला तसा कधीच सुटणार नाही, हे त्या तुकड्यामुळे नेमकेपणाने मांडता आलं. पुढे यंत्रं आली, आणि त्यांच्याशी बोलायच्या भाषा तयार करणाऱ्यांनी तोच तुकडा उचलून पाया म्हणून घातला.

"मग यांना विद्यापीठात कुणी विचारायचं का नाही?" ताईंनी विचारलं.

"गणितवाले म्हणायचे हे कम्प्युटरचं, कम्प्युटरवाले म्हणायचे हे गणिताचं. बाबा मधल्यामध्ये."

सर ऐकत होते. त्यांनी टेबलावर दोन टिचक्या मारल्या. मग उठून दिवा दोनदा लावला, विझवला. मग खण दोनदा उघडून मिटला. "दोन," ते म्हणाले. आकडे त्यांना येत होते.

ताईंच्या कपाळावर आठी होती ती हळूहळू गेली. "म्हणजे दोन ही वस्तूच नव्हे? कुठलंही काम द्या, ते दोनदा करणारं, ते दोन?"

सरांनी मान हलवली. मग दोन टिचक्या, थांबले, दोन टिचक्या, थांबले, आणि पुन्हा दोन. मग ताईंकडे परीक्षा घेतल्यासारखं बघितलं.

"दोनदा, असं तीनदा," ताई म्हणाल्या. "तीन दुणे सहा. अहो, हे एवढंच होतं तर एवढी वर्षं सांगितलं का नाहीत?"

"तू," सर म्हणाले, "विचारलं नाहीस."

पुढच्या खेपेला ताईंनी मॅडमना सगळं सांगितलं आणि भीत भीत विचारलं, की नाव विचारण्याऐवजी काम विचारलं तर? मॅडम म्हणाल्या की हा रस्ता त्यांच्या शास्त्राला ओळखीचा आहे, कधीकधी कामाच्या मागोमाग नावही येतं. त्यांनी कात्रीचं चित्र पुढे केलं. "सर, हिला काय दिलं की काय मिळतं?"

"कापड दिलं..." सर म्हणाले, आणि 'कापड' हा शब्द आपल्या तोंडून आलेला बघून स्वतःच थबकले. "दिलं की तुकडे. कापते. का... कात्री."

ताईंचा जीव भांड्यात पडला. सगळंच असं सरळ झालं नाही. छत्री आली, घड्याळ आलंच नाही, खुर्ची एक दिवस यायची आणि दुसऱ्या दिवशी दडी मारायची. पण सरांना बोलायचा एक मार्ग सापडला, आणि थोड्याच दिवसांत ते त्याच्यावर मजा करायला लागले. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणजे 'काहीही दिलं तरी तक्रार परत'. पेपर म्हणजे 'पैसे दिले की काळजी'. आणि ताई म्हणजे 'चुकलेलं दिलं की बरोबर करून देते, पण बोलून दाखवते'. ते ऐकून मॅडमना हसू आवरेना. ताईंनी खोटं खोटं तोंड फिरवलं.

वाद झाला तो लेकीने एक नवीनच टूम काढली तेव्हा. तिच्या ऑफिसच्या इथल्या शाखेत शुक्रवारी दुपारी कुणीतरी एक जण इतरांना काहीतरी समजावून सांगायचा. बाबांना घेऊन जाते, ती म्हणाली.

"अजिबात नको," ताई म्हणाल्या. "चारचौघांत अडकले तर? त्यांची शोभा होईल. लोक कीव करतील, ती यांना सोसायची नाही."

"आई, तू त्यांना काचेत ठेवतेयस."

"तू चार दिवस आलीस, परत जाशील. नंतर पालथ्या चित्रांसमोर मला बसायचंय."

लेकीचा चेहरा पडला. सर दारात उभे होते ते दोघींना तेव्हा दिसलं.

"जायचं," ते म्हणाले. मग ताईंकडे बघून, "तू पण."

ऑफिसातली ती खोली तिन्ही बाजूंनी काचेची होती. भिंतभर पांढरा फळा, कडेला कॉफीचं यंत्र, आणि खुर्च्या कमी पडल्याने जमिनीवर मांडी घालून बसलेली तरुण मंडळी. ताई पहिल्या रांगेत बसल्या. अडकल्याखेरीज शब्द द्यायचा नाही, आणि अडकल्यावरही सरांनी बघितल्याशिवाय नाही, असं घरून ठरवून आल्या होत्या.

सर उभे राहिले. "आज," ते म्हणाले, "मी तुम्हाला..." आणि थांबले. आयुष्यभर शिकवलेल्या विषयाचंच नाव त्यांना सापडेना. खोलीतलं कॉफीचं यंत्र तेवढं घुरघुरत होतं. मागच्या कुणीतरी मान खाली घातली. ताईंनी पदर मुठीत धरला. सरांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. ते फळ्याकडे वळले आणि ते चिन्ह काढलं, चांगलं हातभर उंच. "हे," ते म्हणाले.

तिथून पुढे हात चालायला लागला. टिचक्या मारून दोन झालं, तीन झालं, मंडळी टिचक्यांत सामील झाली. मग सर एका अक्षराखाली रेघ मारून अडले. "याला आपण... हे जे बदलतं... याला..." त्यांनी ताईंकडे बघितलं.

"चल," ताई म्हणाल्या.

सरांचा चेहरा विझला. त्यांनी मार्कर खाली ठेवला, खुर्चीवरची पिशवी घेतली आणि दाराकडे निघाले.

"अहो, कुठे निघालात?"

"तूच," सर म्हणाले, "म्हणालीस."

"अहो, ते चल नव्हे. गणितातलं. बदलणारं असतं ते चल."

सर जागीच उभे राहिले. डोक्यात प्रकाश पडायला क्षणभर लागला. मग ते सगळ्यांकडे वळले आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "लग्नापासून मला 'चला' म्हणते. आज एकदम 'चल'. मला वाटलं, फारच चिडली."

खोलीत असा हशा उसळला की बाहेरचे काचेशी जमा झाले. सरही हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. इतकं सलग ते आजारपणानंतर कधी बोलले नव्हते, हे ताईंच्या नंतर ध्यानात आलं. त्या क्षणी त्यांनी तोंडावर पदर धरला होता.

हशा ओसरल्यावर कुणीतरी कॉफी हवीय का म्हणून मागे बसलेल्या एकाला नावाने हाक मारली, तर दोघांनी वर बघितलं. दोघांचं नाव एकच होतं. "त्याला नाही, दाढीला विचारतोय," हाक मारणारा म्हणाला. त्या ऑफिसात एकाला दाढी म्हणत आणि दुसऱ्याला लंबू.

"का?" सरांनी पटकन विचारलं.

"गोंधळ होतो ना सर. एकाचा निरोप दुसऱ्याला जातो."

"हेच," सर म्हणाले आणि फळ्याशी गेले. त्यांनी एक ओळ लिहिली. तिच्यात आत एक अक्षर होतं आणि बाहेरून तेच अक्षर आत यायला निघालं होतं. आत जाऊ दिलं तर उत्तर कसं चुकतं ते त्यांनी करून दाखवलं. मग आतलं अक्षर पुसून तिथे एक छोटीशी दाढी काढली, आणि उत्तर बरोबर आलं. खुद्द दाढीने टाळ्या वाजवल्या.

शेवटी एका मुलीने विचारलं, "सर, राग मानू नका. पण आम्ही रोज प्रोग्राम लिहितो, याच्यावाचून आमचं काही अडत नाही. मग हे कशाला शिकायचं?"

सरांनी विचार केला. "तुमचं... ते..." त्यांनी दोन्ही हातांनी हवेत मजल्यावर मजले रचले. "वर बांधता. रोज नवं. हे खाली. बदलत नाही." मग बोटांवर मोजत म्हणाले, "एक, जागा धरायची. एक, बनवायचं. एक, द्यायचं. बास. कुठलंही यंत्र जे करू शकतं, ते या तिनात. मी एवढी वर्षं बघतोय, अजून..." शब्द नव्हता. त्यांनी ताईंकडे बघितलं.

"आश्चर्य वाटतं?" ताईंनी विचारलं.

"हो," सर म्हणाले. "ते."

लेक आपल्या गावी परत गेली तरी तिच्या ऑफिसच्या इथल्या शाखेतली काही मुलं दर शनिवारी सकाळी घरी यायला लागली. ती प्रश्न विचारणारी मुलगी, दाढी, आणि आणखी एकदोघं. जेवणाच्या टेबलाभोवती बसायची. सर पूर्ण बरे झाले असं कुणी म्हणालं नसतं. घड्याळाला ते अजूनही 'वेळ विचारायचं' असंच म्हणायचे, आणि थकले की चांगले आलेले शब्दही निघून जायचे. मॅडम आता महिन्यातून एखादी फेरी मारायच्या, तीही बरेचदा चहापुरती. दुपारी मंडळी गेल्यावर सर गाढ झोपायचे आणि ताई टेबलावरचे कागद गोळा करताना कंस तपासायच्या. आता मात्र कंसाच्या आतही डोकवायच्या.

अशाच एका शनिवारी त्या मुलीने विचारलं, "सर, एक अडतंय. आमच्या प्रोग्राममध्ये एखादं फलन स्वतःलाच परत बोलावतं, आपल्याच नावाने. इथे तर कुणाला नावच नाही. मग त्याने स्वतःला हाक मारायची कशी?"

सरांनी प्रश्न दोनदा ऐकला. डोळे मिटले. चांगला प्रश्न आला की ते पूर्वीही वर्गात असेच डोळे मिटायचे, असं त्यांचे जुने विद्यार्थी सांगत.

"हाक नाही," ते म्हणाले. "हाक नाही मारायची. त्याला द्यायचं. त्यालाच." त्यांनी टेबलावरचा एक कोरा कागद उचलला, डाव्या हातातून उजव्या हातात दिला, मग त्याच कागदाची घडी घालून ती त्याच कागदाच्या पोटात सरकवायचा प्रयत्न केला. ते काही जमलं नाही. कागद सोडून त्यांनी पेन्सिल घेतली आणि लिहायला लागले. एक तुकडा, आणि त्याच्या शेजारी पुन्हा तोच तुकडा, पहिल्याच्या हातात दिलेला. दुसरी ओळ. तिसरी. या वेळी ओळी लहान होईनात. प्रत्येक ओळीच्या पोटातून पुन्हा सगळी पहिली ओळ बाहेर यायची.

"हे संपत का नाही?" दाढीने विचारलं.

"नाही संपत," सर म्हणाले. "थांबायचं कुठे, ते... ते आपण सांगायचं. आत."

ताई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी दुरूनच ओळी बघितल्या. कंस बरोबर मिटलेले होते. पण मधलं काहीतरी हातातून निसटत होतं, आणि ते निसटलेलं आज त्यांना सोडवेना. त्यांनी ट्रे बाजूच्या कपाटावर ठेवला, दाढीला जरा सरकायला सांगितलं आणि भिंतीकडची खुर्ची ओढून टेबलाशी बसल्या.

"अहो, पुन्हा पहिल्या ओळीपासून सांगा," त्या म्हणाल्या. "सावकाश. चहा निवला तर निवला."

सरांनी नवा कागद घेतला.